मूड ठीक झाला की सोडीन

सोमवार. सकाळचे पावणेअकरा. कॉम्प्युटर सुरू होऊन पाच मिनिटंही झालेली नसतात आणि शेजारच्या क्युबिकलमधून हाक येते, 'चल बे, खाली जाऊन येऊ.'

'खाली' म्हणजे कुठे, हे आमच्या ऑफीसात नव्या ट्रेनीलाही पहिल्याच दिवशी कळतं. लिफ्टनं तळमजला, गेटबाहेर डावीकडे, कडुलिंबाखाली काकांचा पानठेला. एकाला चहा, एकाला सिगारेट, एकाला खर्रा. काकांचा पोरगा प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटत असतो आणि त्या आवाजावर आमचा आठवडा सुरू होतो. सुटी सिगारेट विकायला राज्यात 2020 मध्ये बंदी आली, खर्ऱ्यावर तर 2013 मध्येच. पण ती बातमी कडुलिंबापर्यंत अजून पोचलेली नाही.

'किती दिवस ओढणार बे आपण?' मी एकदा विचारलं होतं.

'सोडून राहिलो ना यार,' मित्र म्हणाला. 'हा प्रोजेक्ट तर होऊ दे.'

'मी पण,' मी म्हणालो. 'जरा मूड ठीक झाला की सोडीन.'

मंडळी, हे वाक्य मी तीन वर्षं म्हणत होतो. मनापासून म्हणत होतो. आजचा कॉलम त्या एका वाक्याबद्दल आहे, कारण ते मुळातच उलटं आहे हे कळायला मला तीन वर्षं आणि एक चांगली डॉक्टर लागली.

'टेन्शन आहे यार'

आधी माझी कुंडली. वय 32, मूळचा वर्ध्याचा. म्हणजे अशा जिल्ह्याचा, जिथे माझ्या जन्माच्या आधीपासून दारूबंदी आहे. आमच्याकडे दारू हा शब्दसुद्धा आई आवाज खाली करून उच्चारते. नोकरीसाठी नागपूरला आलो, गायत्रीनगरच्या बाजूला रूम घेतली, आणि पहिल्या पगाराच्या रात्री मित्रांनी सदरच्या एका परमिट रूममध्ये नेलं. तिथून पुढे शुक्रवार ठरला. मग शुक्रवारला शनिवार चिकटला. सिगारेट कॉलेजपासूनच होती. दिवसाला तीन-चार होत्या, त्या दहा-बारा झाल्या. यात काही वेगळं आहे असं वाटायचंही नाही, कारण टेबलाभोवती बसलेले सगळे तेच करत होते.

वेगळं होतं ते दुसरंच. रविवारी सकाळी मित्रांचा ग्रुप तर्रीपोहे खायला निघायचा. मी 'झोपलो होतो' असा मेसेज टाकायचो. झोपलेलो नसायचो. पंख्याकडे बघत पडलेलो असायचो. पुस्तक उघडलं की तेच पान तीनदा वाचायचं. क्रिकेटची मॅच लागली तरी दुसऱ्या ओव्हरला चॅनल बदलायचा. पहाटे चारला जाग, आणि मग डोक्यात एकच रेकॉर्ड: आपल्याला काही जमत नाही, अप्रेझलला हे सगळ्यांना कळणार. रडू वगैरे येत नव्हतं. त्यामुळे हे नैराश्य असेल असं मनातही आलं नाही. नैराश्य म्हणजे सिनेमातल्यासारखं अंधाऱ्या खोलीत बसणं, अशी माझी समजूत. मला तर फक्त 'टेन्शन' होतं. आणि टेन्शनवरचं औषध गेटबाहेर डावीकडे मिळत होतं.

आईचा वर्ध्याहून फोन यायचा. 'आवाज असा काऊन येऊन राहिला रे तुझा?' मी म्हणायचो, 'सर्दी आहे.' दीड वर्षं सर्दी होती.

मग एका शनिवारी रात्री, तिसऱ्या पेगनंतर, रूमवर एकटाच असताना डोक्यात सहज एक विचार आला: उद्या उठलोच नाही तर बरं होईल, सोमवार तरी टळेल. हसत हसतच आला. पण सकाळी तो आठवला आणि हात थंड पडले. त्या सोमवारी मी 'खाली' गेलो नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली.

काकांची उधारी

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे आपल्या नागपुरात अजूनही चेष्टेचा विषय. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचं. दीडशेपेक्षा जास्त वर्षं आपण त्याच्या नावानं एकमेकांची टिंगल करत आलोय. मीही दोन गल्ल्या आधीच गाडी लावून क्लिनिकमध्ये शिरलो होतो. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून!

डॉक्टर मॅडमनी आधी झोप, भूक, काम, घर असं सगळं विचारलं. नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, मग दारूवरचे दहा प्रश्न. शेवटी विचारलं, 'दिवसातली पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळानं?'

'दहा मिनिटं.'

'आणि ती ओढल्यावर कसं वाटतं?'

'शांत. जीवात जीव येतो.'

'मग तिच्या आधी जीव कुठे गेलेला असतो?'

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूवर एक रेघ काढली. म्हणाल्या, ही सिगारेट न ओढणाऱ्या माणसाची नॉर्मल पातळी. मग त्या रेघेखाली खाली-वर, खाली-वर जाणारी करवतीसारखी एक रेघ. ही तुमची. झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, बरं वाटतं. साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि मेंदू मागायला लागतो. चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, उदास वाटणं ही सगळी निकोटिन उतरल्याची लक्षणं. पुढची सिगारेट ती लक्षणं घालवते, आणि तुम्ही म्हणता, बघा, सिगारेटनं टेन्शन गेलं. टेन्शन आधीच्या सिगारेटनंच आणलेलं असतं.

मला एकदम काकांची उधारीची वही आठवली. दर महिन्याला पगार झाला की मी खातं पूर्ण चुकवायचो आणि मोठ्या ऐटीत घरी जायचो. जणू काही कमावलंच! प्रत्यक्षात मी फक्त शून्यावर आलेला असायचो. ज्यानं वहीत कधी नावच लिहिलं नाही तो महिनाभर जिथे असतो, तिथे.

शनिवारची मजा, रविवारचं बिल

दारूचा फंडा थोडा वेगळा, पण हिशेब तसाच. मेंदूत कामं थंड करणारी एक यंत्रणा असते आणि गरम करणारी एक. दारू पहिलीला जोर देते, दुसरीला दाबते. म्हणून दोन पेगनंतर बॉसवरही प्रेम येतं. पण मेंदू गप्प बसत नाही. तो तोल सांभाळायला उलट्या बाजूला जोर लावतो. दारू उतरली की तो लावलेला जोर तसाच राहतो: धडधड, घबराट, आणि 'काल मी काय बोललो' ही अपराधी भावना. झोपेचंही तसंच. दारूनं झोप लवकर लागते हे खरं. पण रात्रीचा उत्तरार्ध तुकड्यातुकड्यांत जातो आणि स्वप्नांची झोप कमी होते. माझ्या पहाटेच्या चारचं एक कारण हे होतं. शुक्रवार-शनिवारी प्यायचो आणि रविवारी आयुष्यावर निकाल द्यायचो. तो निकाल देणारा जज्जच नशेतून उतरत असलेला!

एक जुना अभ्यास मॅडमनी सांगितला. अमेरिकेतला, 1988 साली प्रसिद्ध झालेला. दारू हाच मूळ आजार असलेले 191 पुरुष उपचारासाठी दाखल झाले. दाखल होताना त्यांच्यातल्या 42 टक्के लोकांचं नैराश्य चांगलंच ठळक होतं. चार आठवडे दारूविना गेल्यावर, ते उरलं फक्त 6 टक्क्यांत. बाकीच्यांची उदासी दारूबरोबरच उतरली होती. अर्थात ते खूप पिणारे होते, आपण 'सोशल' पिणारे (असं आपण म्हणतो). आणि ते 6 टक्के विसरायचे नाहीत. त्यांचा आजार दारू सोडूनही गेला नव्हता, त्यांना वेगळे उपचार लागणारच होते. पण मुद्दा लक्षात घ्या: दारू सुरू असताना कुणालाच सांगता येत नाही, की आपली उदासी यांपैकी कोणती आहे.

कोंबडी आधी की अंडं?

आता तुम्ही म्हणाल, की उदास माणूस ओढतो-पितो, एवढंच कशावरून नसेल? प्रश्न रास्त आहे आणि शास्त्रज्ञही यावर बरीच वर्षं भांडले आहेत. लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या 148 अभ्यासांचा एक आढावा 2017 मध्ये निघाला. काही अभ्यासांत आधी नैराश्य, मग सिगारेट. काहींत आधी सिगारेट, मग नैराश्य. म्हणजे एकमत नाही. पुढे ब्रिटनमधल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात दोन्ही बाजूंचे पुरावे मिळाले, पण सिगारेटकडून नैराश्याकडे जाणारा रस्ता जास्त ठळक दिसला. थोडक्यात, कोंबडी अंडं देते आणि अंड्यातून पुन्हा कोंबडी निघते. मध्येच कुठेतरी साखळी तोडायची.

आणि ती तोडल्यावर काय होतं? माझ्या तीन वर्षांच्या वाक्याची विकेट इथे पडली. 2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 26 अभ्यासांचं एकत्रित गणित छापून आलं. सिगारेट सोडलेल्यांची आणि सुरू ठेवलेल्यांची तुलना. सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, तिन्ही कमी झाले होते. फायदा किती? नैराश्यावरच्या गोळ्यांनी होतो साधारण तेवढा. आणि ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांनाही तितकाच झालेला दिसला.

म्हणजे 'मूड ठीक झाला की सोडीन' नव्हे. सोडलं की मूड ठीक होण्याची शक्यता वाढते. मी स्टेशनवर उभा राहून ज्या गाडीची वाट बघत होतो, ती मीच यार्डात अडवून ठेवली होती.

'मी तर फक्त खर्रा खातो'

इथे आपल्या नागपूरकरांपैकी बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. थांबा. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ 3.8 टक्केच होते. पण बिनधुराचा तंबाखू खाणारे 24.4 टक्के! आपल्या विदर्भात तो खर्रा होऊन येतो. नैराश्यावरचे बहुतेक अभ्यास सिगारेटचे आहेत हे खरं. पण पन्नीतलं निकोटिन काही वेगळ्या कंपनीचं नसतं. गालात धरलेल्या खर्ऱ्यातून ते रक्तात उतरतं आणि तीच करवत चालू होते. माझा शेजारचा मित्र मीटिंगमध्ये दीड तास बसला की पाय हलवायला लागतो. आम्हाला वाटायचं, त्याचा स्वभावच तसा. त्या सुपारीनं तोंडाचं काय होतं तो तर आणखी वेगळा कॉलम आहे.

आणि आमच्या टीममधल्या मुलींबद्दल. ठेल्यावर सगळे वळून बघतात म्हणून त्यातल्या एक-दोघी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ओढतात. आमच्यासारखं टोळकं नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. लपून, घाईत. स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. पण 'बरी आहेस ना?' हे त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्या ओढतात हेच आम्हाला 'माहीत नसतं'.

अमरावतीत जमलं, गोव्यात जमलं

भारतात 2015-16 मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलेली. नैराश्य असलेल्या 100 पैकी साधारण 85 लोक उपचारांच्या बाहेर होते. दारूच्या आजाराचंही जवळपास तेच. मला वाटलं, खेड्यापाड्यांतली गोष्ट असेल, आपण शिकले-सवरलेले. मग आपल्याच शेजारचं एक उदाहरण वाचलं आणि खजील झालो.

अमरावती जिल्ह्यातली 30 गावं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे बदनाम झालेला आपला पट्टा. तिथे 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायचं, ऐकून घ्यायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवायचं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी फक्त 4.3 टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते. प्रकल्पानंतर 27.2 टक्के. सहा पटीहून जास्त! 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'नं याची नोंद घेतली.

त्याच सुमारास गोव्यात 'संगथ' संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन प्रयोग केले. नैराश्य असलेले 495 जण, आणि धोक्याच्या पातळीवर पिणारे 377 पुरुष. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. नैराश्याच्या गटात सहा ते आठ बैठकी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. दारूच्या गटात जास्तीत जास्त चार बैठकी, तिथे आकडे 36 आणि 26. जादू नाही. पण चार बैठकींत दहा टक्क्यांचा फरक म्हणजे कमी नाही.

त्या बैठकींतला मुख्य मंत्र मला फार आवडला. मूड येण्याची वाट बघायची नाही. आधी छोटी कृती, मूड मागून येतो. सकाळी दहा मिनिटं चाला. ज्याला सहा महिने फोन केला नाही त्याला करा. आवडायचं ते थोडं थोडं करा, आवडत नसलं तरी. म्हणजे पुन्हा तेच: माझं वाक्य उलटं होतं.

मारबत घेऊन जाते म्हणतात

मॅडमनी मला गोळी दिली, दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलं, आणि सिगारेट सोडायची तारीख ठरवायला सांगितली. मी म्हटलं, मारबतचा दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालकडे काळी-पिवळी मारबत निघते, अख्खं नागपूर आपापली पीडा तिच्या गळ्यात घालतं, माझीही एक. मॅडम हसल्या. म्हणाल्या, 'न्यायला मारबत आहे, पण घरातून बाहेर तुम्हालाच काढावी लागेल.'

पहिला आठवडा सॉलिड वाईट गेला. खोटं कशाला सांगू? क्लायंटच्या मेलला मी जे उत्तर लिहिलं होतं ते टीम लीडनं पाठवण्याआधी पकडलं म्हणून नोकरी वाचली. मूड आधीपेक्षा वाईट. इथेच बहुतेक लोक हरतात, कारण त्यांना वाटतं, बघा, सिगारेटविना आपण असेच आहोत. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं: हे तुम्ही नाही, हे निकोटिन उतरतंय. पहिला आठवडा सगळ्यात कडक, मग दोन ते चार आठवड्यांत उतार. मी आरशावर 28 चौकोन काढून रोज एक खोडत होतो, कैद्यासारखा.

एक गंमत. सिगारेटऐवजी मी कॉफी वाढवली आणि हात थरथरायला लागले. कळलं, की सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॉफीतलं कॅफिन भराभर निकाली काढतं. धूर थांबला की तीच कॉफी जास्त वेळ अंगात राहते. निम्मी केली, थरथर गेली.

दारूबद्दल तीन महिने पूर्ण बंद असं ठरलं. दहाव्या आठवड्यात मित्राच्या रिसेप्शनला घसरलो. दारूही झाली, दोन सिगारेटीही. कारण एका हातात ग्लास आला की दुसरा हात रिकामा राहत नाही. रविवारी पुन्हा पंखा. पण या वेळी मला माहीत होतं की पंख्याकडे कोण बघतंय. सोमवारी मॅडमना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, 'एक दिवस गेला. दहा आठवडे नाही गेले.'

तुमच्या टेबलासाठी

मी डॉक्टर नाही. पण जे आधी कुणीतरी मला सांगायला हवं होतं, ते सांगतो.

• दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, किंवा आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल, आणि सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं यातलं काही असेल, तर ते 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका. दाखवा.

• डॉक्टरांना सिगारेट, खर्रा, दारूचा खरा आकडा सांगा. मी पहिल्यांदा अर्धा सांगितला होता. अर्ध्या आकड्यावर उपचारही अर्धेच होतात.

• आधी हे, मग ते, असं करत बसू नका. उदासी आणि व्यसन दोन्हींवर एकाच वेळी काम करता येतं. बुप्रोपिऑन हे औषध नैराश्यावर वापरलं जायचं, अमेरिकेत 1997 मध्ये त्याला सिगारेट सोडण्यासाठीही मान्यता मिळाली. पण ज्यांना फिट येते किंवा जे भरपूर दारू एकदम थांबवतायत त्यांना ते धोक्याचं. त्यामुळे केमिस्टकडून स्वतःच्या मनानं काही घेऊ नका.

• रोज आणि भरपूर पीत असाल तर एका रात्रीत बंद करायची हिरोगिरी नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. खासगी परवडत नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स इथे मानसोपचार विभाग आहेत.

• तंबाखू सोडायला मदत करणारा टोल फ्री नंबर: 1800-11-2356. मनाबद्दल बोलायला सरकारची 'टेलिमानस' सेवा, 2022 पासून सुरू: 14416. मराठीत बोलता येतं.

• आणि माझ्यासारखा 'उद्या उठलोच नाही तर' असा विचार आला, हसत आला तरी, त्या दिवशी एकटे राहू नका. कुणाला तरी सांगा. त्या दिवशी दारू तर अजिबात नको. ती असे विचार वाढवते आणि हात आवरणारा ब्रेक काढून घेते.

आता थंडी संपत आली आहे. मारबत होऊन साडेपाच महिने झाले. मी बदलून एकदम राजहंस झालोय असं नाही. गोळी सुरू आहे, अजून काही महिने चालेल. पहाटे चारला जाग येते कधी कधी, पण रेकॉर्ड लागत नाही. कूस बदलून झोपतो. गेल्या रविवारी ग्रुपबरोबर तर्रीपोहे खाल्ले, दोन प्लेट, आणि नाकातून पाणी येईपर्यंत तर्री वाढवून घेतली. आईला फोनवर सर्दी झालीय असं सांगितलं, तर म्हणाली, 'नाही रे, आज तर आवाज मोकळा आहे तुझा.'

आणि हो, मी अजून 'खाली' जातो. ठेला सोडला नाही, तिथल्या गप्पा कशाला सोडू? आल्याचा चहा घेतो. परवा काकांना म्हटलं, उधारीच्या वहीतलं माझं पान बंद करा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, रेघ मारली आणि म्हणाले, 'बरं केलं भाऊ. चहाचे मात्र रोख द्या.'

शेजारचा मित्र ऐकत होता. खर्ऱ्याची पुडी त्याच्या हातात तशीच होती. लिफ्टमध्ये म्हणाला, 'त्या मॅडमचा नंबर देशील का बे? घाई नाही. हा प्रोजेक्ट झाला की...'

मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत अपॉइंटमेंट घेऊन टाकली होती.